गाडी वळायची जागा

त्या सकाळी गाडी पाठमोरी परत आली, तेव्हाच मला कळलं. आमची वाडी मिठबावच्या अलीकडे, समुद्राकडे उतरणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर. सकाळची बस फाट्यावरून आत येते, माझ्या घरावरून पुढे जाते, रस्ता संपतो तिथे इंदूवैनींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वळते आणि परत येते. इतकी वर्षं हेच चाललंय. त्या दिवशी मात्र कंडक्टर पत्र्यावर थापा मारत मागे चालत होता आणि गाडी रिव्हर्समध्ये सरपटत येत होती. मी पिशवी घेऊन दारात उभी होते. खळ्यात गाडी वळत नाही म्हणजे तिथे माणसं जमलीत, आणि एवढ्या सकाळी माणसं का जमतात हे आमच्या वयाला सांगावं लागत नाही. पिशवी आत ठेवली आणि चालत निघाले. वैनी झोपेतच गेल्या होत्या.

त्यांचं माझं नातं काही नाही, शेजार तेवढा. मी लग्न होऊन वाडीत आले तेव्हा बस फाट्यावरच थांबायची, कारण आत वळायला जागा नव्हती. जागा एकच होती, वैनींच्या घरापुढचं खळं, आणि त्याच्या बरोबर मधोमध तुळशीवृंदावन. वैनींनी ते उचलून कडेला, माडाखाली नेऊन बसवलं. त्यांच्या सासूने बोलणं टाकलं, आजूबाजूच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. वैनी मला म्हणाल्या, "तुळस घरचीच गो. ती सरकान बसतली. गाडी खंय सरकतली?" तेव्हापासून त्या घराचा सगळा संसार गाडीच्या कलाने चालला. गाडी येऊन गेल्याशिवाय सोलं वाळत घालायची नाहीत. ती उशिरा आली की वैनी कोकमाची टोपली पुढ्यात घेऊन ओटीवर बसायच्या आणि ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायच्या. शेणाने सारवलेली जमीन चाकांनी रोज उखडायची, त्या पुन्हा चोपायच्या. मुलाच्या, दिगूच्या, लग्नाचा मांडवसुद्धा परसात घातला. वऱ्हाडी विहिरीला वळसा घालून जेवायला गेले, त्याची थट्टा अजून होते. आम्ही सगळ्याजणी हसलो आणि त्याच गाडीने दवाखान्याला, बाजाराला, माहेरी जात राहिलो.

पुढे रस्ता गुळगुळीत झाला, समुद्र बघायला बाहेरच्या मोटारी येऊ लागल्या. वाईट वाटायचं कारण नाही, चार घरांची चूल त्यावर पेटते. पण रस्ता होता तेवढाच राहिला. एका बाजूला आवारांचे दगडी गडगे, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, आणि मधून भाड्याच्या स्कूटरी सुसाट. एकदा वैनी फाट्याकडे चालत निघाल्या, मागून हॉर्न आला, त्या बाजूला व्हायला गेल्या आणि गटारात पडल्या. पाय मोडला नाही, पण मनातून काहीतरी मोडलं. "मरणाक भियणंय नाय गो, पडूक भियतंय," म्हणाल्या. मलाही तेच वाटतं... मेलं की सुटलो. पडलं की दुसऱ्याच्या हाताकडे बघत दिवस काढायचे. त्यानंतर आम्ही कोणी म्हाताऱ्या त्या रस्त्याने फाट्यापर्यंत चाललो नाही. दारात गाडी येते तोवर आपण जाती-येती माणसं, इतका साधा हिशेब होता.

मग एकदा ग्रामपंचायतीत ज्येष्ठांची सभा झाली. आलेल्या साहेबांनी फार प्रेमाने विचारलं, तुमच्यासाठी छान बाकडी बसवू का, एखादा कट्टा बांधू का? वैनी उठल्या. साहेबांशी बोलायचं म्हणून सुरुवात पुस्तकी केली. "साहेब, बसायला आम्हाला घरात ओटी आहे." मग दम लागला, आणि भाषा आपल्या जागी आली. "माका उठान खंयतरी जावक व्हया." साहेबांनी मान डोलावली. बाकडी आली. आहेत अजून, त्यांवर कुत्री झोपतात.

बारावं झालं आणि खळ्याच्या कडेला चिऱ्यांचा ट्रक रिकामा झाला. दिगू मुंबईहून आला होता. घर पर्यटकांना द्यायचं, पुढे गडगा घालायचा, असं त्याने ठरवलंय हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. गडगा आला की गाडी फाट्यावरच थांबणार, आणि फाट्यापर्यंतचा रस्ता आम्हाला बंद. शेवटी मीच गेले. तो आईच्या ओटीवर डोकं धरून बसला होता. रागावला नाही. "काकी, मी गडगो घालूचंय नाय. चिरे मागल्या बाजूक वापरतंय. तुमची जागा तुमका ऱ्हवतली." मला हायसं वाटलं, मी उठू लागले, तर तो हळूच म्हणाला, "पण गाडयेक माणसां खंयसून हाडतलात?" माणसं आणायची कुठून, हेच घोकत मी पायरी उतरले. मी घरी आले आणि दिवसभर काही केलं नाही. त्याने जागा ठेवली आणि दोष द्यायलाही कोणी उरलं नाही, म्हणून मला त्याचा राग आला, हे खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी औषधं आणायची होती. दारात उभी न राहता मुद्दाम रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, वैनींच्या खळ्यातून चढायला. गाडी वळली, आत मी एकटीच. तिथून निघताना वैनींना विचारल्याशिवाय कंडक्टर कधी घंटा मारत नसे. कोण यायचंय, कोण अजून केस विंचरतेय, कोणाच्या गोळ्या घरी राहिल्यात, ते सगळं वैनी ओटीवरून ओरडून सांगायच्या आणि भरली गाडी थांबून राहायची. त्या दिवशीही त्याने दोरीला हात घातला आणि सवयीने ओटीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, कोण येवचा आसा?"

मी खिडकीतून एकेक घर बघत गेले... कुठे दाराला कुलूप, कुठली म्हातारी केव्हाच गेलेली, कोणीच यायचं राहिलं नव्हतं. तरी म्हटलं, "थांब रे जरा." आणि तो थांबला.