धाकट्या जावेचा मिक्सर

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, दृष्ट... घरात कुणी मीठमोहऱ्या ओवाळायला लागलं तरी मी उठून जाते. तरीही हे लिहितेय.

आम्ही चौलला राहतो. घर एकच, मधे भिंत घालून दोन स्वयंपाकघरं — एक माझं, एक धाकट्या जावेचं, सुप्रियाचं. ती रेवसकडची. सासूबाई जेवतात माझ्याकडे, पण कौतुक सगळं तिच्या वाटणाचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू! तिनं ऑनलाइन सेलमधून मिक्सर मागवला, तसा मीही त्याच दिवशी तोच मागवला. रंगसुद्धा तोच.

कुरिअरवाला आमच्या आळीत शिरत नाही, सगळ्यांची पार्सलं गिरणीत ठेवून जातो. शाळेतून येताना मी दोन्ही खोकी उचलून आणली. माझं उघडलं, तर झाकणाला तडा आणि मोटर ठार बंद. कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग, "मॅडम, सेलचा पीस रिटर्न होत नाही."

"अहो, झाकणाला तडा आहे, मोटर बंद आहे!" मी ओरडले.

"अजून काही मदत करू का, मॅडम?"

मग मी... तिचं खोकं उघडलं. बटण दाबलं, झकास चालला. सगळं चांगलं तिच्याच वाट्याला का म्हणून? मी मिक्सर बदलले, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि तिला नेऊन दिलं.

दहा मिनिटांत भिंतीपलीकडून घर्रर्र... धावत जाऊन बघितलं. तोच तडा गेलेला मिक्सर, आत खोबरं वाटलं जात होतं! परत येऊन माझ्याकडच्याचं बटण दाबलं. ढिम्म. प्लग बदलून पाहिला. रेवदंड्याच्या इलेक्ट्रिशियनकडे नेला, तर त्याच्या टेबलावर सुरळीत चालला. घरी आणला की गप्प.

आठवड्यानं सुप्रिया आली. "बघू ताई." तिनं बटण दाबलं, सुरू. बंद करून मी दाबलं, काही नाही. तिनं दाबलं, पुन्हा सुरू...

मिक्सर बंद करून ती हळूच म्हणाली, "ताई, तुमी फोनवर वरडत व्हता, तवा भिंतीतून समदं आयकलं मी. मागितला असता तर दिला नसता काय?"

याला दोन वर्षं झाली. मिक्सर असा का वागतो, मला आजही सांगता येत नाही. सुप्रिया रोज सकाळी येऊन माझ्या घरचं वाटण करून देते, आणि सासूबाई माझ्या आमटीचं कौतुक करतात. रोज मी माफी मागायला तोंड उघडते, आणि तेवढ्यात ती बटण दाबते.