दाबलेली माशी

आमच्या श्रीवर्धनच्या घरी दर रविवारी निसर्गप्रेमी मंडळ जमतं. सात निवृत्त पुरुष, आठवे आमचे हे. जंगल वाचवायच्या गप्पा पडवीत, चहा-पोहे आतून.

एका रविवारी वाडीत सुपारीला पाणी लावताना पाटाच्या ओल्या भिंतीवर मला एक माशी दिसली. अग्गं बाई! डोक्यातून दोन्ही बाजूंना दांड्या निघालेल्या आणि डोळे त्यांच्या टोकांना! बाटलीत धरून मंडळासमोर ठेवली. कीटकांच्या संग्रहात नमुन्याच्या चिठ्ठीवर तो शोधणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, हे मंडळाच्याच गप्पांतून मला कळलं होतं. मला ते हवं होतं. का नको?

अध्यक्षांनी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांना दिसेल ते कागदात दाबून वाळवायची सवय. माशी वर्तमानपत्रात घातली आणि वर माझाच वाटणाचा पाटा ठेवला.

मी म्हटलं, "अहो, माशी आहे ती, पान नव्हे."

"वहिनी, शास्त्राची एक पद्धत असते."

चार दिवसांनी कागद उघडला तर आत एक डाग आणि सहा पाय. तरी पाकिटावर मंडळाचं नाव घालून तो डाग पुण्याच्या तज्ज्ञांना धाडला! त्यांचा फोन आला, "हा पापड कशाचा? पाठीवरचे काटे दिसायला हवेत. दुसरी पाठवा, स्पिरिटमध्ये."

मग काय, टोप्या, जाळ्या, दुर्बिणी घेऊन मंडळ भर दुपारी समुद्रावर. सावलीत ओलीला बसणारी माशी शोधायला वाळूत! मी पाटावर गेले आणि दहा मिनिटांत दुसरी धरून आणली. पार्सल अर्थात अध्यक्षांनीच केलं.

पुढच्या महिन्यात पडवीत सगळे बसलेले असताना तज्ज्ञांचा फोन आला. माशी ओळखीच्या जातीचीच निघाली, पण ह्या किनाऱ्यावरचा नमुना त्यांच्याकडे नव्हता. संग्रहात ठेवणार होते. "फक्त चिठ्ठीवर मंडळ चालत नाही. माणसाचं नाव लागतं. धरली कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "वहिनी, तुमचं नाव काय हो?"

बारा वर्षं! बारा वर्षं हे लोक माझ्या घरी खातायत. गावातल्या एकेका झुडपाचं लॅटिन नाव ह्यांना तोंडपाठ. माझ्या मस्तकात तिडीक गेली. आमचे हे सांगायला पुढे झाले, त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं.

फोन अध्यक्षांच्या हातातून काढून घेतला आणि माझं नाव माहेरच्या आडनावासकट मीच सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आठही जणांना ऐकू जाईल असं.