आधी कोण पडणार

मार्चमधला रविवार, सकाळ. जागा: कऱ्हाडच्या अलीकडचं आमचं उसाचं रान. हजर, साताऱ्याकडून: मी, कॅमेऱ्याला माझा पुतण्या, आणि नायक, म्हणजे वडूजला व्यायामशाळा चालवणारा आमचा मित्र. सांगलीकडून: त्यांचे मास्तर, ज्यांचं द्राक्षबागेच्या फवारणी यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, जतकडचे दोघे भाऊ, मेंढरं आणि शेती दोन्ही सांभाळणारे, आणि सुट्टीवर आलेला एक जवान. गैरहजर कोणी नाही.

आम्ही मारामारीच्या छोट्या फिल्म करतो. आठ-दहा मिनिटांच्या, पदरमोड करून, मोबाइलवर बघितल्या जाणाऱ्या. फिल्म ज्यांची, मारणारा त्यांचा. मार खाणारे नेहमी दुसऱ्या जिल्ह्याचे. पाहुण्याला माणूस जपून मारतो, असं मास्तरांचं म्हणणं, आणि ते अनुभवानं खरं ठरलेलं आहे. दुसरा नियम त्याहून कडक. पडायच्या जागी ज्यानं गादी घातली, त्यानं आधी स्वतः पडून दाखवायचं.

त्या दिवशी फिल्म माझी होती. शेवटचा एकच शॉट उरला होता: नायक लाथ मारतो आणि जवान पुरुषभर उंच बांधावरून पाठीमागं रानात कोसळतो. त्याची सुट्टी संपत आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला निघायचं होतं. शॉट आज झाला नाही तर फिल्मला शेवटच नव्हता.

माझ्या तयारीच्या यादीत पडायच्या जागेपुढं मी लिहिलं होतं: पाचट, रानातच आहे. तोड झाल्यावर उसाच्या वाळल्या पाल्याचं ढोपरभर पाचट पडलेलं मीच बघून आले होते. आणि जन्म शेतकरी घरात काढूनही, ते पेटवू नका, एवढं दिरांना, आबांना, सांगायचं राहिलं. त्यांनी दर वर्षीप्रमाणं काडी लावली.

सगळे बांधावर रांगेनं उभे राहिले. खाली काळंभोर.

"काकू, आबांनी पेटवलं की ओ!" पुतण्या म्हणाला.

"रानानं मशेरी लावलीया," मास्तर म्हणाले.

जतच्या धाकट्यानं गंभीर तोंडानं विचारलं, "ताई, यादीत पाचट हुतं न्हवं?"

"होतं."

"मग यादीबी पेटली म्हणायची."

हसले सगळे, मीही हसले. कान मात्र गरम झाले होते. ही माणसं पहाटे टेम्पो काढून माझ्यासाठी मार खायला आली होती. शूटिंग रद्द करू, असं मी म्हणणार तेवढ्यात दोघे भाऊ टेम्पोत बसलेसुद्धा. शेजारच्या गुऱ्हाळावरून वाळलेली चिपाडं भरून आणली, वर टाकायला आपली दोन घोंगडी काढली. मी कुणाला हात लावू दिला नाही. माझी चूक आहे, मीच घालते म्हणाले, आणि सगळं ओणव्यानं पसरलं.

मास्तर वरून म्हणाले, "चला ताई. घातलंय कुणी?"

आजवर माझ्या वतीनं पुतण्या पडायचा. आज तो कॅमेरा लावून बसला होता, आणि मी तर सगळ्यांसमोर "मीच घालते" म्हणाले होते. बांधावर चढले, चिपाडांकडे पाठ केली, हात छातीशी घेतले.

"मान आत घ्या, ताई!"

"आमी हाय की खाली!"

"डोळं झाकू नगा, आभाळाकडं बघा!"

"आवं, आमची म्हस पडती, तुमी का न्हाई पडणार?"

टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या मनापासून मला आयुष्यात कुणी धीर दिला नसेल. माझे पाय बांधाला चिकटले ते चिकटलेच. शेवटी मी वळले आणि गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघ्याला माझ्या काहीही झालेलं नाही. टाळ्या हळूहळू थांबल्या, आणि मास्तर उगाचच टेम्पोच्या टायरची हवा बघू लागले.

तेवढ्यात जवान पुढं आला. "ऱ्हाऊ द्या, ताई. तुमी घातलंय म्हंजी बरुबरच आसंल."

कॅमेरा सुरू झाला, नायकानं लाथ मारली आणि तो तसाच पडला. एका टेकमध्ये, अंग सैल सोडून, सुंदर. खाली पडल्या पडल्या ठरल्याप्रमाणं अंगठा वर केला. नायकानं धावत जाऊन त्याला उठवलं, मास्तरांनी शिट्टी मारली. "लय भारी रं गड्या!" मी सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी त्यानं कप डाव्या हातात धरला. तो डावखुरा नाही. मी जवळ जाऊन शर्ट वर करायला लावला. उजव्या बरगडीवर तळहाताएवढं लाल-निळं. मी परत गेले आणि चिपाडं उपसली. खाली उसाचा तिरका छाटलेला बुडखा वर आला होता, नेमका पाठ टेकते तिथं. मी आधी पडले असते तर तो मला कळला असता. नियम त्यासाठीच आहे.

त्याला सांगितलं, तर म्हणाला, "तुमाला लागलं आसतं की मग." आणि बिस्किट चहात बुडवलं.

पोस्टिंगवर पोचल्यावर त्यानं फोन केला; हाड शाबूत, दुखणं कमी. फिल्म लोकांना आवडली. ती पडण्याची जागा पुन्हा पुन्हा बघितल्याचं कुणी कुणी कळवतं. मी त्या जागी आवाज बंद करते, कारण मागं माझ्या टाळ्या ऐकू येतात.

आता सांगलीकरांची फिल्म आहे, कोयनानगरच्या घाटात. मार खाणारे साताऱ्याचे. मास्तरांनी मला विचारून त्यांत माझं नाव घातलं. "येताय न्हवं?" म्हणाले, बाकी काही नाही. मी हो म्हणाले.

जायच्या आधी घरी सराव करायचं ठरवलंय. माजघरात दोन गाद्या एकावर एक घातल्या, मान आत घेतली, उभी राहिले, आणि गाद्या गुंडाळून ठेवल्या. काल परत घातल्या. पाठीवर पडणं अजून राहिलंय.