लाइन मोकळी आहे का?

सुलभा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून एकेकाला फोन लावत होतो, आणि पाचव्या-सहाव्या फोनला लक्षात आलं की शाळेत सूचना वाचून दाखवावी तशा सुरात मी हे सांगतोय. त्याला आता सात आठवडे झाले. माणसं येऊन गेली, ‘सुटली बिचारी’ म्हणून गेली. ती सुटली की नाही मला ठाऊक नाही. मी मात्र एका सकाळीत अडकून पडलोय, आणि तिच्याबद्दल लिहायला बसलो तरी लेखणी त्याच सकाळीपाशी जाते.

सुलभा, माझी बायको, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायरी खुपसून लोकांना लोकांशी जोडून द्यायचं काम. त्या नोकरीनं तिचा आवाज घडवला होता. निवृत्त झाल्यावरही घरचा फोन ती ‘हॅलो’ म्हणून कधी उचलत नसे, ‘बोला’ म्हणायची, आणि समोरचा माणूस मुकाट्यानं मुद्द्यावर यायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. घरात मात्र शिकवायचं काम तिच्याकडे होतं.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही पुण्याच्या कडेला धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा पेठेतले नातेवाईक ‘गावाकडे राहायला गेलात म्हणे’ असं गंभीर चेहऱ्यानं विचारायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बिल्डरनं वायरिंग केलं होतं ते दोन ट्यूब, तीन पंखे आणि एक टीव्ही एवढ्याच हिशेबानं. पुढे गिझर आला, ओव्हन आला, आणि एके दिवशी मी गिझर लावला तेव्हाच तिनं इस्त्री लावली. मेन पडला. तो खटका खाली मीटरच्या खोलीत. तीन मजले उतरा, वर करा, पुन्हा चढा. त्या दिवशी सुलभानं नियम केला. जास्त वीज खाणारं काहीही लावायचं असेल तर आधी मोठ्यानं विचारायचं, ‘लाइन मोकळी आहे का?’ दुसऱ्यानं सांगायचं, ‘मोकळी आहे’, नाहीतर ‘थांबा’. उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पाहुण्यांनाही यात सूट नव्हती. माझ्या साडूंनी एकदा न विचारता गिझर लावला, तर सुलभानं बाहेरून ‘कोण बोलतंय?’ असं काही दरडावलं की बिचारे साबण न लावताच बाहेर आले. आम्ही हसायचो, पण नियम पाळायचो. खरं सांगायचं तर दिवसभरात आमचं जे बोलणं व्हायचं त्यातलं निम्मं हेच असायचं... मोकळी आहे का, मोकळी आहे.

दोन वर्षांपूर्वी तिची फुप्फुसं कडक होत चालल्याचं कळलं. आधी जिने बंद झाले, मग बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणं बंद झालं, मग ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालणारं, चोवीस तास घरघरणारं. लाइट गेलीच तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर. यंदाच्या उन्हाळ्यात तिला गरम हवा सोसेना, म्हणून एसी घेतला. बसवायला आमचा नेहमीचा वायरमन गजानन आला. मूळचा अकोल्याचा, पुण्यात येऊन वीस वर्षं झाली तरी बोली अकोल्याचीच. त्यानं बोर्ड उघडून पाहिला, खाली जाऊन मीटर पाहिला, आणि वर येऊन म्हणाला, “सर, एसी लावून देतो. पण खालून आलेली वायर लय बारीक आहे. एसी, गिझर आन् मॅडमचं मशीन एका टायमाले चालू झालं तर झेपणार नाही तिले. लोड वाढवून घ्या, जाडी वायर टाकू.”

“गजानन, हे घर आहे, पिठाची गिरणी नाही,” मी म्हणालो.

“मॅडमचं मशीन आहे ना सर, म्हणून म्हनलं.”

भिंती फोडल्या की धूळ उडेल, तिच्या छातीला त्रास होईल, असं कारण मी दिलं. तो म्हणाला, भिंत नाही फोडत, वरून पट्टी मारून नेतो. मग मी म्हणालो, पाऊस सुरू झाल्यावर बघू. मी कागदावर आकडेमोड केली होती: मशीन चारशे वॅट, एसी पंधराशे, गिझर दोन हजार. एका वेळी गिझर किंवा एसी, दोन्ही नाही, की झालं. आमच्याकडे नियम होताच. इतकी वर्षं मुलांना विद्युतभार शिकवला, मला वायरमननं काय सांगायचं, हेही मनात होतं. ते लपवण्यात आता अर्थ नाही.

त्या सकाळी दहाच्या सुमारास सुलभाला डोळा लागला होता. रात्रभर खोकून दमली होती. एसी चालू होता. उठली की अंग पुसायला कोमट पाणी तयार असावं म्हणून मी न्हाणीघरात गेलो, बटणावर हात ठेवला, आणि विचारलं नाही. तिची झोप मोडू नये म्हणून. एसी चालू आहे हे मला माहीत होतं, पण तेवढ्यापुरतं डोक्यात नव्हतं. ते सांगणारं माणूस झोपलं होतं. पाणी गॅसवर तापवता आलं असतं. एसी पाच मिनिटं बंद करता आला असता. मी बटण दाबलं, बादली पुढे ओढली, आणि थोड्या वेळानं मेन पडला, आतून मशीनची धोक्याची शिट्टी सुरू झाली.

मी आधी कुठे धावलो असेन? जिन्याकडे. खटका वर करायला. एक मजला उतरल्यावर सिलिंडर आठवला आणि गुडघे धरत परत वर आलो. सिलिंडरची चावी हातात नीट बसेना. नळी जोडेपर्यंत चार मिनिटं गेली असतील, पाच गेली असतील. सुलभा उठून बसली होती, ओठ काळपट पडले होते, पण डोळे स्वच्छ होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “अहो... विचारलं नाहीत?”

रागानं नाही. नुसतं विचारलं. ते तिचं शेवटचं बोलणं. दिवसभर धापेनं तिला बोलवेना, संध्याकाळी दवाखान्यात नेलं, घशात नळी घातली, तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, आजारच त्या टप्प्याला आला होता, त्या पाच मिनिटांचा काही संबंध नाही. चांगले गृहस्थ आहेत. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नाही.

तेराव्यानंतर गजाननला मीच बोलावलं. लोड वाढवायच्या अर्जात ‘कारण’ असा रकाना होता. त्यापुढे मी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी त्यानं कागद माझ्याकडून घेतला आणि ‘घरगुती वापर’ असं लिहिलं. गेल्या आठवड्यात नवा मीटर बसला, जाड वायर पट्टीतून वर आली. धूळ अजिबात झाली नाही. गजाननानं एसी, गिझर, ओव्हन, इस्त्री सगळं एकदम लावून दाखवलं. काही पडलं नाही. जाताना तो कोपऱ्यातल्या बंद मशीनची वायर नीट गुंडाळून ठेवून गेला.

आता या घराला सगळं झेपतं. वापरायला मी एकटा. सकाळी न्हाणीघराशी जातो, गिझरच्या बटणावर हात ठेवतो आणि मोठ्यानं विचारतो, “लाइन मोकळी आहे का?” शेजारच्यांना ऐकू जात असणार. जाऊ दे. मी थांबतो... बराच वेळ थांबतो. आतून उत्तर येत नाही, आणि उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही हा नियम तिचा आहे. मग हात खाली घेतो आणि गार पाण्यानं आंघोळ करतो.