एक शब्दही जास्त नाही

मी दिल्लीच्या विद्यापीठात चिनी शिकायला निघाले तेव्हा माझी ट्रंक मिलिंदनं बांधली. मिलिंद माझा धाकटा भाऊ, तेव्हा अकरावी नापास होऊन घरी बसलेला. गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांपुढं त्यानं ट्रंकेवर गुडघा रोवला आणि दोरी अशी काही आवळली, की हॉस्टेलवर ती सोडवायला मला कात्री मागत फिरावं लागलं. स्टेशनवर मी रडत होते. अप्पा शाळेत शिपाई होते, बुद्धावरचं मिळेल ते पुस्तक वाचून काढायचे. खिडकीशी येऊन ते म्हणाले, "चीनहून माणसं पायी आली, बुद्धाची पुस्तकं न्यायला. तू तर रेल्वेनं चाललीस. रडती कशाला?"

चिनी भाषेचं खूळ त्यांचंच. मावशीनं डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता, तो त्यांनी परत पाठवला.

पहिल्याच तासाला बाईंनी प्रत्येकाला एक चिनी नाव दिलं. चिनीच्या वर्गात तशी पद्धतच असते. हॉस्टेलवर मुली माझं आडनाव विचारायच्या आणि ऐकल्यावर उगाच दुसऱ्या विषयावर जायच्या. वर्गातल्या त्या नव्या नावामागं मात्र काहीच नव्हतं, आमचं मूळ गाव करमाड नव्हतं की अप्पांची खाकी नव्हती. मला ते फार आवडलं. आज कबूल करायला हरकत नाही.

आता त्याच विद्यापीठात मी चिनी शिकवते. दर जुलैला नव्या मुलांना नावं देते. घर सोडून गेलेल्यांच्या जुन्या चिनी कविता कोरड्या आवाजात समजावते. सीमेवर काही झालं की वर्गातली मुलं कमी होतात, आणि भाजीवालासुद्धा विचारतो की मॅडम, ही भाषा कशाला शिकवता. दुभाष्याच्या तासाला मी पहिला नियम फळ्यावर लिहायचे: समोरचा बोलला तेवढंच सांगायचं, एक शब्दही जास्त नाही, एकही कमी नाही. काम चालू असेपर्यंत दुभाष्याला नातेवाईक नसतात, असं वर हसून सांगायचे.

घरी माझं काम कुणी कधी पाहिलंच नव्हतं. अप्पा ते न बघताच गेले. आई शेजारणींना एवढंच सांगायची की लेक कॉलेजात आहे.

मिलिंद चितेगावच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर लागला होता. मशीन चीनहून आलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मी रजा काढून आले. हात आत गेला की मशीन आपोआप थांबवणारा एक सेन्सर असतो, तो बंद होता. दवाखान्यात मिलिंदनं मला हळूच सांगितलं की प्रॉडक्शन वाढावं म्हणून सुपरवायझरनंच सगळ्या मशीनचे सेन्सर बंद करायला लावले होते. हे आईला त्यानं सांगितलं नव्हतं. म्हणाला, "ती कंपनीत जाऊन भांडंल, अन् राहिली ती नोकरी बी जाईल."

मशीन बनवणाऱ्यांचा इंजिनिअर चीनमधून व्हिडिओवर चौकशी करणार होता. मॅनेजरनं फोनमधलं भाषांतर लावून पाहिलं होतं, त्यात नुसता घोळ झाला. तेव्हा मिलिंदच म्हणाला, माझी बहीण चिनीची प्रोफेसर आहे. आपलं माणूस खोलीत असलं म्हणजे बरं, असं त्याला वाटलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आईनं कपाटातली चांगली साडी काढली होती. तिला मला बोलताना बघायचं होतं, आणि मला ते दाखवायचं होतं.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आई भिंतीशी खुर्चीत बसली, मिलिंद तिच्याजवळ, हाताला बँडेज. सुपरवायझर दाराशी उभा. मी सुरुवात केली आणि इंजिनिअरनं माझ्या उच्चारांचं कौतुक केलं. ते मी मराठीत सांगितलं तेव्हा आई पदरानं तोंड झाकून हसली. मग त्यानं विचारलं, सेन्सर कुणी बंद केला? मी विचारलं. मिलिंदनं सुपरवायझरकडं पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाला, "मीच."

खरं काय ते मला माहीत होतं. आधी मिलिंदशी बोलू द्या, एवढं म्हणून मला थांबता आलं असतं. दुभाषी म्हणून बसत नाही, बहीण म्हणून बसते, असंही म्हणता आलं असतं. मी त्याचा शब्द चिनीत सांगितला, अगदी नीट, न अडखळता. खोटं कशाला बोलू, मला त्या वाक्याचंसुद्धा समाधान वाटलं.

रिपोर्टात कामगाराची स्वतःची चूक असं आलं आणि कंपनीनं अंग काढून घेतलं. नोकरीही गेलीच. आता तो शेजाऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, डाव्या हातानं कागद लावतो.

दिल्लीला परतायच्या दिवशी तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताई, तुला तर माहीत व्हतं."

मी म्हणाले, "तूच बोललास ना, मीच म्हणून."

"मी घाबरलो व्हतो," तो म्हणाला. "तू कशाला घाबरली?"

बॅग त्यानं डाव्या हातानं आत ठेवली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना वाटतं, घर आहे तिथंच आहे, आपणच लांब आलो. मलाही वाटायचं. त्या केबिनमध्ये मी सगळ्यांपासून हातभर अंतरावर होते आणि तेवढी लांब मी कधीच गेले नव्हते. फळ्यावर तो नियम मी अजून लिहिते. त्यापुढं हसून काही सांगत नाही.

आई दर रविवारी फोन करते. गारखेड्यात जी भेटेल तिला ती सांगते, "माझी तायडी लई फाडफाड बोलली त्या दिवशी. सायेब लोक नुसते बघत राह्यले." तिला वाटतं, लेकानं चूक केली आणि लेकीनं इज्जत राखली. मागून झेरॉक्सच्या दुकानातून जेवायला आलेल्या मिलिंदचा आवाज येतो. तो आईला आमटी वाढ म्हणतो.

खरं काय ते मला माहीत होतं, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही. तो सांगत नाही तोवर मला घर आहे.