शाळांवरचे पत्रे आणि माझा श्वास

सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी माझा एचआरसीटी, म्हणजे छातीचे बारीक काप दाखवणारा स्कॅन, उजेडावर धरला आणि विचारलं, "घरात कोणी सिमेंटच्या पत्र्यांचं काम करायचं का?"

मी शेजारी बसलेल्या आमच्या मालकांकडं बघितलं. लोहारा, उमरगा भागातल्या कितीतरी शाळांवर त्यांनी पत्रे घातलेत.

"म्या करत हुतो. पर मला तर कायबी तरास न्हाय. हिला कसं?"

"तुमचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच," मी म्हटलं.

वर्षभर कोरडा खोकला होता. पाण्याची घागर घेऊन चार पायऱ्या चढले की दम लागायचा. गावात औषधं झाली. धाराशिवला टीबीसाठी थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मग सोलापूर. तिथं पीएफटी केली. नळीत जोर लावून फुंकायचं, फुप्फुसात हवा किती मावते ते कळतं. माझ्यात कमी मावत होती.

आजाराचं नाव ॲस्बेस्टॉसिस. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. श्वासातून आत गेले की तिथंच रुततात आणि कित्येक वर्षांनी फुप्फुस कडक होत जातं. "शंभर टक्के सांगता येत नाही, पण खुणा त्याच आहेत," बाई म्हणाल्या. "हा बरा होत नाही. तुमचा मात्र हळू चाललाय. धूर-धूळ टाळा, लस घ्या, रोज चाला." मालकांचाही स्कॅन काढायला लावला. त्यांच्या फुप्फुसांच्या आवरणावर डाग निघाले.

घरी येताना मला ते जुने उन्हाळे आठवत राहिले. शाळेला सुट्टी लागली की मालकांना काम लागायचं. मी पोरींना घेऊन भाकरी पोचवायला जायची. मैदानात ते करवतीनं पत्रे कापायचे, पोरी त्या पांढऱ्या भुग्यात बोटांनी नावं गिरवायच्या. लिंबाच्या सावलीत आम्ही सगळे जेवायचो. संध्याकाळी ते पिठात लोळल्यासारखे घरी यायचे आणि मी त्यांचा शर्ट दारात झटकून मग भिजवायची. थोरली पहिलीत गेली ती बापानं घातलेल्या छपराखाली. तिला सोडायला गेले तेव्हा मी वर बघत किती वेळ उभी होते. आज सगळं कळलं तरी त्या दिवसांचा मला राग येत नाही. ते आमचे सुखाचे दिवस होते.

यंदा आमच्या गावच्या शाळेचे पत्रे उतरवायचं ठरलं. शाळा समितीचे अध्यक्ष घरी आले. "मिस्त्रीकाका, तुमीच उतरवा. एस्टिमेटमधी काढणावळ लई थोडी धरलीय. वरनं ढकलून द्या, तुकडं रस्त्याच्या भरावाला टाकू."

"ढकलायचं न्हाय," मालक म्हणाले. डॉक्टरबाईंकडून समजून घेतलेलं त्यांनी एकेक करून सांगितलं. अख्खा पत्रा तेवढा अपाय करत नाही, फुटला की धूळ उडते. पाणी मारून पत्रा ओला ठेवायचा, बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्यायचा, प्लॅस्टिकमध्ये बांधायचा. माणसांना चांगले मास्क. आणि माल जिथं असला कचरा नीट पुरतात तिथवर ट्रकनं न्यायचा.

अध्यक्षांनी मनातल्या मनात हिशेब केला. "काका, एवढ्यात दोन खोल्यांची फरशी हुती की."

मी चहा घेऊन आले होते. कप खाली ठेवून म्हटलं, "शर्ट झटकायला मला एक पैसा लागला न्हवता, भाऊ. आता सारखं सोलापूर लागतंय. शाळंत तर आपली लेकरं हायेत."

अध्यक्ष उठले. चहा तसाच ठेवून गेले. आठवड्यानं इंजिनिअरला घेऊन परत आले आणि मालकांना समोर बसवून खर्च नव्यानं मांडला. वाढीव पैशाला मंजुरी मिळाली ती चारांतल्या दोनच खोल्यांना. उरलेल्या दोन्हींना कुलूप लागलं. तिथली मुलं सध्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बसतात.

काम चाललं तेव्हा मला तिकडं फिरकायची बंदी होती. त्या दिवसांत एकदा जेवताना मालक म्हणाले, "माझ्यापायी झालं तुला."

"तुमाला कुणी सांगितलं हुतं का? मलाबी न्हाय सांगितलं. आता म्हाईत झालंय, तर सांगत जाऊ."

तुमच्या घरात असं काम कोणी केलं असेल आणि खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. कुणी काय काम केलं, कपडे कुणी धुतले, आपण होऊन सांगा. मला ते सांगायला वर्ष लागलं. ज्या डॉक्टरबाईंनी विचारलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या महिन्यात मुरुमकडच्या एका शाळेतून मालकांना बोलावणं आलं, पत्रे कसे उतरवायचे ते दाखवायला. मी म्हटलं, मीही येते. एसटीच्या पायरीवर मला दम लागला. मागची माणसं थांबली. मालकांनी हात दिला, मी सावकाश वर चढले, आणि मग कंडक्टरनं घंटी मारली.