पोवळ्याच्या मागे लागलेला मासा

महाडला आमच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मला हा नाद लागला. टाकीत दगड आहेत, थोडे मासे आहेत आणि माझं सगळ्यात लाडकं फ्लॉवरपॉट पोवळं आहे. ते समुद्रातून तोडून आणलेलं नाही, दुसऱ्या टाकीत वाढवलेल्या पोवळ्याचा तुकडा आहे. मिटलेलं असताना साधा खडबडीत गोळा दिसतो. दिवा लागला की त्यातून बोटभर देठ बाहेर येतात आणि प्रत्येक देठावर शेवंतीसारखं फूल उमलतं.

गेल्या दिवाळीनंतर सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपण गावाहून आमच्याकडे आल्या. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही. शेतात राबणाऱ्या बाईला हे जड गेलं. मग काळा चष्मा लावून त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागल्या.

एकदा मी पंप बंद करून, ड्रॉपरने पोवळ्यावर बारीक भुकटीचं खाणं सोडत होते.

"फुलांना भरवतेस होय गो?"

"आई, ती फुलं नाहीत. एकेक तोंड आहे ते."

"एवढी तोंडं? बरं हाय, पोळ्या खात नाय."

त्याच सुमारास पोवळं उमलेनासं झालं. देठ अर्धवट बाहेर येत आणि आखडून घेत. मी पाण्यातलं मीठ तपासलं, कॅल्शियम तपासलं, सगळं ठीक. प्रवाह जोराचा असेल म्हणून पंपाचं तोंड फिरवलं, दिवा मंद केला. फरक नाही. शाळेतून आले की पहिली नजर टाकीकडे जायची आणि मन खट्टू व्हायचं.

रविवारी मीही सासूबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पोवळ्याने जरा देठ बाहेर काढले, तोच आमचा केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा आला आणि त्या देठांत शिरून अंग घासू लागला. देठ गपकन आत. या माशाला समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या सी ॲनिमोन या प्राण्याच्या, मिशांत घर करायची सवय असते. आमच्याकडे समुद्रफूल नव्हतं, म्हणून त्याने पोवळ्यालाच घर मानलं होतं.

"हा तर रोजचाच खेळ हाय," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्यासाठीच पाळलाय त्याला."

मला हसू आवरेना. मग मासा पकडायचा उद्योग सुरू झाला. जाळी घेऊन मी तासभर टाकीत हात घालून होते. माझ्या बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या, मासा दगडामागून बघत राहिला. शेवटी प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवलं, तळाशी खाणं टाकलं आणि बाटली टाकीत आडवी ठेवली. पहाऱ्याला सासूबाई. मी भाजी चिरत असताना हाक आली, "ये गो, गेलाय आत."

पोलादपूरला माझ्या नवऱ्याचे मित्र दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यातल्या टाकीत मोठं समुद्रफूल आहे. डोळे तपासून झाल्यावर सासूबाईंना कुडपणला सोडायला जायचंच होतं, तेव्हा मासाही गाडीत घेतला. माशाची पाण्याने भरलेली पिशवी ठेवलेला डबा त्यांनी महामार्गावर सगळा वेळ मांडीवर धरला. प्रत्येक गतिरोधकाला त्या गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलाला म्हणत, "हळू रे, तो घाबरतोय."

डॉक्टरांनी मासा टाकीत सोडला. तो आधी कोपऱ्यात थांबला. दातदुखीचा एक पेशंट गालाला हात लावून उठून बघायला आला. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात मासा समुद्रफुलाजवळ गेला, मागे फिरला, परत गेला आणि मग आतच शिरला. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "चला आता."

पोवळं लगेच उमललं नाही. आठवडाभर ते बिचकतच होतं. मग एका सकाळी दिवा लागल्यावर देठ लांब लांब बाहेर आले आणि प्रवाहात डोलू लागले. मी शाळेला उशीर होईपर्यंत बघत राहिले. संध्याकाळी कुडपणला फोन लावला, रेंज मिळेपर्यंत बराच वेळ गेला.

"आई, पोवळं फुललं."

"बरं झालं. आणि त्या माशाला तिथं गमतंय का, ते इचार," त्या म्हणाल्या.